बाई चार्जिंगला बसल्यात

बाई कुठल्याही गावात पोचल्या की नमस्कार व्हायच्या आधी प्लग शोधत. समोर सरपंच हार घेऊन उभा असला तरी बाईंची नजर त्याच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर फिरत असायची. मग अंबाड्यात खोवलेला टेस्टर उपसून त्या सरळ ग्रामपंचायतीत शिरत आणि सॉकेटमध्ये खुपसत. टेस्टरचा दिवा लागला की बाईंचा चेहरा उजळायचा. "हाय, लाईट हाय," त्या म्हणत. "आता द्या हार."

केसात टेस्टर खोवणारी दुसरी अधिकारी मी पाहिली नाही. लग्नकार्यातही तो निघायचा नाही. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या मुलीच्या लग्नाला बाई गजरा माळून आल्या होत्या आणि गजऱ्यातून टेस्टरचं पिवळं टोक बाहेर डोकावत होतं. फोटोग्राफर अदबीनं म्हणाला, "मॅडम, ते तेवढं काढता काय?"

"राहू दे की," बाई म्हणाल्या. "हॉलच्या मागं गाडी चार्जिंगला लावलीया. मधनंच जाऊन बघायला लागतंय."

बाई आमच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात उपअभियंता होत्या आणि मी त्यांच्या हाताखालचा कनिष्ठ अभियंता. मूळच्या बिद्रीकडच्या, शेतकरी घरातल्या. लग्न केलं नव्हतं. कोल्हापुरात म्हाताऱ्या आईबरोबर राहत. अंगानं भरभक्कम, आवाजानं त्याहून भरभक्कम. आमच्याकडच्या बायका बोलतात तशा त्याही 'मी आलो, मी गेलतो' असंच बोलत. त्यामुळं पुण्याचे एक साहेब, जे त्यांच्याशी वर्षभर फोनवर बोलत होते, प्रत्यक्ष आल्यावर बाईंनाच विचारत होते, "तुमचे साहेब कुठं आहेत?"

"जेवाय गेलेत," बाई म्हणाल्या, आणि खरोखरच जेवायला निघून गेल्या.

ही गाडी बाईंनी मागून घेतलेली नव्हती. पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्या भंगारात काढायच्या, नव्या घ्यायच्या त्या विजेवरच्या घ्यायच्या, असं वरून आलं. आमच्या ऑफिसच्या वाट्याला पहिल्यांदा एकच गाडी आली. ती कुणी घ्यायची यावर बैठक बसली. एका साहेबांचा गगनबावड्याचा घाट आडवा आला, दुसऱ्यांचा शाहूवाडीचा चढ. तिसऱ्यांच्या पाठीचा मणका विजेच्या गाडीला चालत नव्हता. बाई त्या दिवशी आईचा मोतीबिंदू काढायला दवाखान्यात होत्या. दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तो त्यांची डिझेल जीप भंगारवाल्याच्या क्रेनला टांगलेली आणि जीपच्या जागी ही पांढरी, गुळगुळीत, बिनआवाजाची वस्तू.

बाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. आत बसल्या. ड्रायव्हर आप्पांनी बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"चालू कर की, आप्पा."

"चालू हाय, बाईसाहेब."

"हे चालू? आमचा मिक्सर परवडला."

आप्पांची अवस्था याहून वाईट होती. आयुष्य जीपवर गेलेलं. पहिले कितीतरी दिवस त्यांचा डावा पाय नसलेला क्लच दाबत राहिला आणि डावा हात नसलेला गिअर टाकत राहिला. चढ आला की नकळत तोंडानं इंजिनाचा आवाज काढायचे. बाई मागून म्हणायच्या, "आप्पा, गिअर बदल, आवाज भरलाय," आणि आप्पा खरंच आवाज बदलायचे.

त्या पहिल्या संध्याकाळी बाई घरी पोचल्या तर आईनं विचारलं, "आज हापिसला गेली न्हाईस व्हय?" डोळ्याला पट्टी होती, पण नाक शाबूत होतं. बाईंच्या पदराला रोज डिझेलच्या धुराचा वास यायचा, त्यावरून लेक आल्याचं म्हातारीला कळायचं. त्या दिवशी वास नव्हता. बाईंनी दुसऱ्या दिवशी हे ऑफिसात सांगितलं तेव्हा हसत हसत सांगितलं, पण सांगून झाल्यावर पदराचं टोक नाकाशी नेऊन बघितलं. "येवढी वर्षं मी धूरच नेसलो म्हणायचं," त्या म्हणाल्या. मला वाटतं, गाडीबद्दलची त्यांची अढी तिथं सुटायला लागली.

आणि अढी सुटल्यावर बाई दुसऱ्या टोकाला गेल्या. त्यांना मधलं टोक माहीतच नव्हतं. गाडीच्या पडद्यावर बॅटरीची टक्केवारी दिसते, ती त्यांच्या बोलण्यात उतरली. सकाळी कसं काय विचारलं तर म्हणत, "आज पासष्ट टक्के हाय." मुख्य साहेबांची बैठक लांबली की उठून उभ्या राहत, "साहेब, मी वीस टक्क्यावर आलोय, आवरा." शिपायानं कामाला उशीर केला की "ह्याचं अर्थिंग गेलंय" असा शेरा. गाडीत बसायचे नियम तर विचारू नका. कळे गावाच्या पुढं एसी बंद. चढाला खिडक्या बंद, कारण वारा गाडीला अडवतो. खिडक्या बंद आणि एसीही बंद म्हटल्यावर आम्ही मागच्या सीटवर उकडलेल्या शेंगांसारखे होऊन उतरत असू. डबा जड आणला तर टोमणा. आमचे एक लठ्ठ सहकारी होते, त्यांना बाईंनी सरळ सांगितलं, "तुमी एसटीनं या. तुमच्यापायी माझं चार टक्के जातंय."

"मॅडम, तुम्ही पण काही बारीक नाही," ते दुखावून म्हणाले.

"म्हणून तर दुसरा नको म्हणालोय."

गावात पोचलं की पिन लावायची, आणि गाडी भरेस्तोवर तिथंच बसायचं. खेड्यातला साधा प्लग. त्यातून वीज कशी येणार, तर थेंबथेंब. तासन् तास जायचे. ऑफिसात बाईंसाठी फोन आला की आमचा कारकून एकच उत्तर द्यायचा, "बाई चार्जिंगला बसल्यात." पुढं पुढं लोकांना वाटायला लागलं की बाईंनाच काहीतरी आजार आहे.

यात एक भानगड होती अर्थिंगची. गाडीचा चार्जर मोठा सोवळा. भिंतीतलं अर्थिंग चांगलं नसलं की तो लाल दिवा लावून बसायचा, काही केल्या वीज घ्यायचा नाही. गावोगावी अर्थिंगचे खड्डे कोरडे ठणठणीत पडलेले. मग बाई सरपंचाला बादली आणायला लावत आणि खड्ड्यात पाणी ओतायला लावत. ओल झाली की दिवा हिरवा. कितीतरी गावच्या सरपंचांनी बाईंच्या देखरेखीखाली, पांढऱ्या कडक कपड्यांत, अर्थिंगला पाणी घातलेलं मी पाहिलंय. आजूबाजूच्या बायकांना वाटायचं, काहीतरी पूजा आहे.

पण गाडीचा खरा गुण बाईंना सापडला तो शाहूवाडीकडच्या एका गावात, आणि तो अगदी अचानक.

जुनी जीप कशी होती, तर ती खिंडीत असतानाच गावाला कळायची. आवाज आला की सगळं जागेवर यायचं. पंपाचा माणूस पंपावर, ग्रामसेवक खुर्चीवर, कुलपाची किल्ली कुलपात. त्या दिवशी आमची गाडी ग्रामपंचायतीच्या कट्ट्यामागं येऊन थांबली आणि कट्ट्यावरच्या तिघांना पत्ताच नाही. आमच्याकडं त्यांच्या पाठी. आप्पांनी दार जरासं उघडलं इतक्यात त्यातला एक, म्हणजे सरपंच, बोलला ते आम्हाला नीट ऐकू आलं.

"आज ती म्हस येणार हाय म्हणं."

"कवा?"

"जीप वाजंल की. आली की दूध पाजा, नारळ द्या आणि घालवा. टाकीकडं जाऊ देऊ नका, टाकी धुतल्याली न्हाय."

गाडीत आम्ही तिघंही पुतळे झालो. मी बाईंकडं बघायचं टाळलं. आप्पा स्टेअरिंगकडं अशा भक्तिभावानं बघत होते, जणू त्यावर काहीतरी लिहिलंय. बाईंनी सावकाश काच खाली घेतली. 

"म्हस आली की, पावणं," त्या म्हणाल्या. "म्हशीला दूध पाजत न्हाईत. म्हशीचं दूध काढत्यात. टाकीची किल्ली काढा बघू."

सरपंच कट्ट्यावरून उठायला गेला आणि पलीकडं पडला. टाकी त्याच दिवशी धुतली गेली, बाईंच्या समोर, कारण गाडी भरेस्तोवर बाईंना जायचंच नव्हतं. पुढं तो सरपंच बाईंचा मोठा भक्त झाला. बाईच त्याला फोन करून म्हणायच्या, "म्हस बोलालीया. टाकी धुतली का?"

परतीच्या वाटेवर बाई बांबवड्याच्या पुढं आल्यावर म्हणाल्या, "आप्पा, मला म्हस म्हणत्यात हे तुला ठावं होतं?"

आप्पा म्हणाले, "बाईसाहेब, सगळ्या जिल्ह्याला ठावं हाय."

"मग मला कवा ऐकू कसं आलं न्हाय?"

"जीपमधी कुठलं ऐकू येतंय," आप्पा म्हणाले.

त्यानंतरचे काही महिने आमच्या भागात हाहाकार होता. बाई कुठंही उगवायच्या. पत्ते खेळणाऱ्यांच्या डावात डोकावून "राजा टाक" म्हणायच्या. बंद पंपघराच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या. गावांनी मग एकमेकांना फोन करायची सोय केली, पण पांढऱ्या गाड्या रस्त्यावर शंभर; कुठली म्हशीची हे कळेना. दूध गोळा करणाऱ्या टेम्पोवाल्यानं एकदा भलत्याच गाडीची वर्दी दिली आणि एका गावानं विम्याच्या एजंटाला हार घालून टाकी दाखवली.

या सगळ्यात बाई फार खूश होत्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, बढतीची फाईल वर गेलेली, कार्यकारी अभियंता होऊन घरी जायचं हे जवळपास ठरलेलं. आईला त्यांनी सांगून ठेवलं होतं की शेवटचा महिना का असेना, पण ती खुर्ची तुला दाखवून मग रिटायर होईन. त्याच उन्हाळ्यात आम्ही गगनबावड्याकडं गेलो.

गगनबावड्यात पाऊस इतका पडतो की छपरं शेवाळतात, आणि उन्हाळ्यात डोंगरावरच्या वाड्यांना प्यायला पाणी नसतं. सगळं पाणी उताराला लागून निघून जातं. अशाच एका वाडीवरची नळयोजना बाईंनी स्वतः उभी केली होती. विहीर, पंप, वर टाकी, घरोघरी नळ. तपासणीला बाई जीपनं गेल्या होत्या, नळाला पाणी बघितलं होतं आणि योजना पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही केली होती. मधल्या काळात दोनदा गेल्या, दोन्ही वेळा पाणी धो धो. आमच्या ऑफिसच्या भिंतीवर त्या नळाचा फोटो आहे, शेजारी बाई, हात कमरेवर.

त्या दिवशी आमचं काम पलीकडच्या गावात होतं. पण घाटाच्या चढानं बॅटरी खाल्ली. बाई म्हणाल्या, "माझ्या वाडीवर जाऊ. पिन लावू, पाणी पिऊ. इंजिनेर, तू बघच, असला नळ तू बघितला नसशील." मला त्या नावानं कधी हाक मारत नसत, इंजिनेरच म्हणत. वाटभर त्या योजनेचं कौतुक ऐकवलं. पाईप कुठून नेला, खडक कसा फोडला, ठेकेदाराला कसा धारेवर धरला.

वाडीवर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. पहिल्याच घराच्या सोप्यात एक म्हातारी काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. गाडी अंगणात आली तरी त्यांनी मान वर केली नाही. बाईंनी टेस्टर उपसला, सोप्यातला प्लग बघितला, आप्पांनी पिन लावली. लाल दिवा.

"अर्थिंग," बाई म्हणाल्या. "काकू, जरा बादलीभर पाणी द्या. खड्ड्यात वतायचंय."

काकूंनी तांदळातून डोकं वर काढलं. "पाणी? कुणाला?"

"गाडीला."

"घरात हंडाभर हाय. गाडी पील काय माणसं पितील?"

बाईंना हसू आलं. "अवं, दारात नळ हाय की तुमच्या. माझाच हाय तो." असं म्हणून त्या अंगणातल्या नळाकडं गेल्या आणि तोटी फिरवली. नळातून 'फुस्स' आवाज आला. एवढंच.

तोवर कुणीतरी बघितलं असावं. वाडीचा पंपवाला, ठेकेदारानं ठेवलेला माणूस, शर्टाची बटणं लावत धावत आला. बाईंना बघून त्याचा चेहरा पडला. "बाईसाहेब, तुमी? जीप वाजली न्हाई." मग स्वतःला सावरून म्हणाला, "लाईट नव्हती ओ. आत्ता सोडतो," आणि टाकीकडं पळाला. लाईट होती; बाईंच्या हातातल्या टेस्टरचा दिवा आत्ताच लागला होता. 

थोड्या वेळात नळाला पाणी आलं. चांगलं जोरात आलं. आप्पांनी बादली भरून खड्ड्यात ओतली, दिवा हिरवा झाला. बाईंनी माझ्याकडं विजयानं बघितलं. "बघ."

पण बघण्यासारखं दुसरंच होतं. घराघरातून बायका बाहेर पडल्या. हंडे, कळशा, बादल्या, पातेली, एकीच्या हातात पोराच्या आंघोळीचं घमेलं. कुणी बोलत नव्हतं, कुणी हसत नव्हतं. सगळ्या पळत होत्या. काकूंनीही तांदळाचं सूप बाजूला टाकलं, त्या वयात दोन कळशा घेऊन उठल्या.

बाई म्हणाल्या, "अवं सावकाश की. येवढी घाई कशाला? पाणी काय पळून चाललंय?"

"व्हय," काकू म्हणाल्या. "तुमच्यासंगं."

"म्हंजे?"

कळशी नळाखाली धरून काकूंनी सांगितलं. अगदी साध्या आवाजात, कुणाची तक्रार करावी तसंही नाही. "तुमची जीप आली की पाणी येतंय. जीप गेली की जातंय. आमी म्हणतो, जीपच पाणी आणती. तुमास्नी काय अडचण हाय, रोज पाठवा की जीप."

बाई तिथंच ओट्यावर बसल्या. एरवी या वेळेला आम्ही फोटो काढून निघालो असतो. पण गाडी पिनेला होती आणि पडद्यावरचा आकडा मुंगीच्या पावलांनी चालला होता. म्हणून आम्ही बसलो, आणि म्हणून बाईंनी ते बघितलं. आधी धार बारीक झाली. मग ती करंगळीएवढी झाली. मग थेंब. मग नळानं पुन्हा 'फुस्स' केलं. शेवटच्या दोन बायकांचे हंडे अर्धेच राहिले. त्या तेवढेच उचलून घरी गेल्या.

बाईंनी पदर कमरेला खोचला आणि चढ चढून टाकीकडं निघाल्या. मी मागून. त्या वयात, त्या अंगानं, त्या टाकीच्या शिडीवर चढल्या आणि आत वाकून बघितलं. तळाला गाळ आणि त्यात एक मेलेलं पाखरू. मग आम्ही खाली विहिरीवर गेलो. विहिरीत खडक दिसत होता. पंपाच्या पाईपला कोळ्यानं जाळं विणलं होतं. पंपवाला मागून येऊन उभा राहिला. बाईंनी त्याला शिव्या घालाव्यात अशी माझी अपेक्षा होती. त्यालाही ती असावी, कारण तो दोन हात लांब उभा होता.

"टाकी कशानं भरतोस?" बाईंनी विचारलं.

"टँकरनं, बाईसाहेब. थोडी भरून ठेवतो. तुमी कवाबी याल म्हणून."

"आणि विहीर?"

"विहिरीला पाऊसकाळात असतंय पाणी. उन्हाळ्यात न्हाय. पयल्यापास्नं न्हाय."

बाई परत सोप्यात आल्या. काकूंनी भाकरी आणि आमटी वाढली. हंड्यातलं पाणी तांब्यात दिलं. बाईंनी भाकरी खाल्ली, पाण्याला हात लावला नाही.

गाडी अर्धीमुर्धी भरली तेव्हा आम्ही निघालो. घाटमाथा मागं पडला तसं बाई म्हणाल्या, "आप्पा, एसी लाव." आप्पांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "लाव म्हणतोय न्हवं. फुल लाव." एसी लागला. बाई खिडकीकडं तोंड करून बसल्या. त्या डोळे पुसतायत हे मला कळत होतं आणि आप्पांनाही. आप्पांनी उगीच तोंडानं इंजिनाचा मोठा आवाज काढायला सुरुवात केली, म्हणजे मागचं काही ऐकू येऊ नये.

एसीनं व्हायचं ते झालं. कोल्हापूरजवळ, बालिंग्याच्या अलीकडं गाडी बंद पडली. मागून ऊस रिकामा करून येणारा ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्यानं दोर बांधला, आमच्या गुळगुळीत गाडीकडं बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, शेवटाला डिझेलच लागलं की." एरवी बाईंनी त्याला अर्धा तास उत्तर दिलं असतं. त्या दिवशी नुसतं म्हणाल्या, "व्हय बाबा. आज माझं शून्य टक्के हाय."

दुसऱ्या दिवशी बाई मुख्य साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मी बरोबर होतो, कारण त्यांनी मला साक्षीला नेलं होतं. त्या म्हणाल्या, "साहेब, गगनबावड्याच्या त्या वाडीवर पाणी न्हाय. कधीच नव्हतं. मी दाखला दिला तो खोटा हाय. रद्द करायचाय."

साहेबांनी खुर्ची मागं घेतली. "मॅडम, तुमच्याकडे कुणी तक्रार केली?"

"कुणी न्हाय. मी बघितलं."

"मग दुरुस्तीत दाखवू. नवी विहीर सुचवू. दाखला कशाला रद्द करायचा? तो रद्द केला की चौकशी लागते. तुमची फाईल वर आहे, माहीत आहे ना?"

"दुरुस्तीत दाखवली तर पाच-सात वर्षं लागतील, साहेब. दाखला रद्द केला तर ठेकेदाराला नव्यानं करून द्यायला लागतंय. आणि दाखला खोटाच हाय."

"तुम्हाला फसवलं त्यांनी. तुमची काय चूक?"

"मी धा मिनिटांत फसलो, ही माझी चूक. धा मिनिटांच्या वर मी तिथं कधी बसलोच न्हाई."

साहेबांनी त्यांना पुष्कळ समजावलं. चहा मागवला. बाईंनी चहा प्यायला आणि अर्ज पुढं केला. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "साहेब चांगला माणूस हाय. फक्त त्याची गाडी डिझेलची हाय."

पुढं जे व्हायचं ते झालं. चौकशी लागली. बढतीची फाईल वरच राहिली. बाईंची बदली कोल्हापुरातच पण अभिलेख विभागात झाली, जिथं गाडी नव्हती आणि फिरतीही नव्हती. विजेच्या गाडीवर मणकेवाल्या साहेबांनी हक्क सांगितला. तोवर ती प्रतिष्ठेची झाली होती. ठेकेदार कोर्टात गेला, कोर्टातून परत आला आणि शेवटी खाली नदीच्या अंगाला नवी विहीर खोदायला घेतली. ते काम माझ्याकडं आलं. बाई रोज संध्याकाळी फोन करायच्या. पाईप कुठल्या जाडीचा, पंप कुठल्या ताकदीचा, खडक लागला का. एकदा मी कंटाळून म्हटलं, "बाई, आता हे माझ्याकडं आहे." त्या म्हणाल्या, "तुझ्याकडंच हाय रे. मी नुसता विचारालोय."

आईला खुर्ची दाखवायची राहिली. तिला बाईंनी खरं ते सांगितलं होतं. म्हातारी म्हणाली म्हणे, "बसायला घरात काय कमी खुर्च्या हाईत?" हे सांगताना बाईंनी तिची नक्कल केली, आणि मग उगीचच टेबलावरची फाईल झटकायला लागल्या.

बाई निवृत्त झाल्या त्याच्या नंतरच्या उन्हाळ्यात योजना पूर्ण झाली. तपासणीच्या दिवशी मी त्यांना फोन केला. "येतो की," म्हणाल्या, आणि सकाळच्या एसटीनं, पुढच्या सीटवर बसून, वाडीवर हजर झाल्या.

साहेब लोक तीन गाड्यांतून आले. तोवर तिन्ही गाड्या विजेच्या झाल्या होत्या. नळ सोडला, पाणी आलं, फोटो निघाले, नारळ फुटला आणि थोड्याच वेळात सगळे जायला निघाले. मुख्य साहेबांनी बाईंसाठी दार उघडून धरलं. "चला मॅडम, सोडतो कोल्हापूरला."

"जावा तुमी," बाई म्हणाल्या. "मी बसतो जरा."

गाड्या निघून गेल्या. काकू सोप्यातून म्हणाल्या, "कवा आलं आणि कवा गेलं, कळलंबी न्हाई." बाई त्यांच्या शेजारी भिंतीला पाठ टेकून बसल्या. मी पण थांबलो. दोघींनी मिळून शेंगा फोडल्या. दुपार झाली. सकाळी फोटोपुरत्या आलेल्या बायका आपापल्या घरी गेल्या होत्या; कुणी शेतावर, कुणी भांडी घासत, कुणी आडवी झालेली. अंगणात कुणी नव्हतं. एक कोंबडी तेवढी नळाखालच्या ओलीत पायानं उकरत होती. बाईंची नजर नळावरून हलत नव्हती. तासातासानं त्या उठत, तोटी फिरवत, धार बघत, तोटी बंद करत आणि परत येऊन बसत. पण चेहऱ्यावर काळजी वाढत चालली होती.

शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "काकू, कोणच कसं येईना पाण्याला?"

काकूंनी शेंगेचं टरफल बाजूला टाकलं.

"कशाला येतील? पाणी हाय न्हवं."

बाई मग उठल्या, नळावर गेल्या, ओंजळीनं तोंड धुतलं, मान धुतली, पोटभर पाणी प्याल्या आणि तोटी घट्ट बंद करून म्हणाल्या, "वाढा काकू. भूक लागलीया."